दुसऱ्याच्या नावाचं पत्र

सिल्वासाला माणसं वाईट सवयी सोडायला येत नाहीत, लावून घ्यायला येतात. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आणि आमच्याकडे पानटपऱ्यांपेक्षा दारूची दुकानं जास्त. शनिवारी संध्याकाळी वापीच्या रस्त्याने जी स्कूटरांची रांग लागायची, ती काही वनगंगेचं तळं बघायला नव्हे. आमच्या कंपनीत तर प्रत्येकाचा काही ना काही नाद होता. मशीनवाल्यांना तंबाखू, ड्रायव्हरांना मटक्याचा आकडा, मॅनेजर देसाईसाहेबांना दुपारची झोप, आणि मला दिवसाला आठ कप चहा. अशा गावात मी एका माणसाला एक सवय सोडताना पाहिलं. त्यांना दुसऱ्यांची पत्रं वाचायची खोड होती.

त्यांचं नाव दामोदर सावे. आम्ही पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ देणारी कंपनी. सावेभाऊ तिथले टाइमकीपर, म्हणजे गेटजवळच्या खोलीत बसून हजेरीची कार्डं सांभाळणारे. मी त्याच खोलीच्या मागच्या भागात टायपिंग आणि आवक-जावक बघायची. मधे एक प्लायवूडची भिंत, तिला एक खिडकी. नवऱ्याची सरकारी कचेरीत बदली झाली म्हणून मी अलिबागहून इथे आलेली, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास नोकरीला लागले. सावेभाऊ चिंचणीकडचे, वाडवळ समाजातले. पन्नाशीचे, उंच, हडकुळे, आणि मान पुढे काढून चालायचे. ती मान पत्रांत डोकावून डोकावून लांब झाली, असं धागा कोनावर गुंडाळणाऱ्या कोनिंग खात्यातली पोरं म्हणायची.

आता पत्रं त्यांच्या हाती कशी, ते सांगते. कामगार बहुतेक खानदेशातले, शिरपूर-चोपड्याकडचे. राहायचे गावाच्या आमली भागातल्या बैठ्या चाळींत. त्या चाळींना ना नंबर ना नाव, पोस्टमन तिथे फिरकत नसे. त्यामुळे गावाकडून येणारं प्रत्येक पत्र कंपनीच्या पत्त्यावर. अकराच्या सुमारास पोस्टमन गेटवर गठ्ठा टाकायचा, सावेभाऊ तो खातंवार लावायचे आणि दुपारच्या सुट्टीत वाटायचे. म्हणजे रोज दोन तास दीडशे घरांची सुखदुःखं त्यांच्या टेबलावर पडून असायची आणि माणूस एकटा. मी त्यांची वकील म्हणून सांगत नाहीये, पण मोह कुणालाही झाला असता.

त्यांनी मोहाचे नियम केले होते. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे ते वाचायचा हक्कच आहे. पाकीट खिडकीच्या उजेडात धरून बघायचं, दिसेल तेवढं दिसेल. आणि निळं आंतर्देशीय पत्र मिळालं की चेहरा खुलायचा. ते दोन बाजूंनी हलकेच दाबायचे, फुंकर घालायचे, आणि बरणीच्या तळाला लोणचं किती उरलंय ते बघावं तसा एक डोळा आत लावायचे. फोडायचं मात्र नाही. "बाई, फोडलं तर गुन्हा, डोकावलं तर शेजारधर्म," असं मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं.

बरं, वाचून गप्प बसतील तर शपथ. पत्र हातात द्यायच्या आधी बातमी द्यायची. "म्हशीला पारडी झाली रे." "आईचा डोळा उघडला, आता दिसतंय म्हणे." "मेव्हणा भांडून गेलाय, तू मधे पडू नकोस." पोरं हसायची. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचं काम आयतं व्हायचं. ज्यांना येत होतं ते चिडायचे, पण हजेरीचं कार्ड सावेभाऊंच्या हातात, त्यामुळे चिडणं पोटात ठेवायचे. देसाईसाहेब एकदा म्हणाले, "सावेभाई, आ टपाल छे के छापुं?" टपाल की वर्तमानपत्र, हा टोमणा सावेभाऊंना स्तुती वाटला.

रामदासचा किस्सा तेव्हाचा. पॅकिंगमधला रामदास, शिरपूरचा, चोवीस-पंचवीसचा, लाजाळू. त्याला आंतर्देशीय आलं. सावेभाऊंनी डोळा लावला आणि भर कँटीनमध्ये जाहीर केलं, "रामदासला मुलगा झाला. दोघं खुशाल आहेत." टाळ्या पडल्या, कुणीतरी पेढे आणायला पळालं. रामदास मात्र पांढराफटक. हळूच म्हणाला, "भाऊ, मी चौदा महिनापासून घर गयेल नही."

कुणी बोटं मोजत होतं, कुणी ताटात बघत होतं. रामदासला वाचता येत नव्हतं. त्याने पत्र तसंच माझ्याकडे आणलं. बायकोचं पत्र होतं, मी फोडलं आणि मोठ्याने वाचलं. 'माझ्या भावाच्या बायकोला' हे शब्द घडीच्या आत दबलेले होते, आणि 'मुलगा झाला, दोघं खुशाल आहेत' तेवढं बाहेरच्या बाजूला. पेढे आले होतेच, ते मेव्हण्याच्या नावाने खाल्ले. रामदास संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊन काय करणार होता, ते त्याने मला नंतर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मी सावेभाऊंना त्या दिवशी वाट्टेल ते बोलले. लाज नाही वाटत का, एखादीचा जीव गेला असता, असं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "खरंय बाई. अर्धवट वाचणं वाईटच. यापुढे घडीच्या आतलंही नीट बघत जाईन." मी चहा मागवला.

त्यांना एकच मुलगी, वनिता. एकोणीस वर्षांची, तोंडाने फटकळ, बापासारखीच लांब मानेची. सावेवहिनी अगदी गरीब, सहीपुरतं लिहिता यायचं. वनिताने आईलाही न सांगता नाशिकला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. त्यांचीही खोली चाळीतच, तिथला पत्ता चालत नाही म्हणून तिनेही कंपनीचाच पत्ता दिला. आता सापाच्या बिळापाशी अंडं ठेवायचं आणि वर आश्चर्य करायचं, असं मी म्हणणार होते, पण पोरीला दुसरा पत्ताच कुठे होता.

पाकीट आलं, जाड, सरकारी. उजेडात काही दिसेना. आणि सावेभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून त्यांनी ते उघडलं. मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, बापच आहे, घरचं असेल काही. मी गप्प बसले, ते माझंही चुकलंच.

वनिताला प्रवेश मिळाला होता. एकुलती एक पोर परक्या गावी हॉस्टेलात राहणार, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पाकीट परत चिकटवलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. अकरा दिवस. वनिता रोज संध्याकाळी विचारायची, "अप्पा, माझं काही आलं?" आणि हे रोज सांगायचे, "नाही गं."

बाराव्या दिवशी जेवताना त्यांच्या जिभेने घात केला. वाचलेलं पोटात ठेवायची सवय कधी नव्हतीच. भाताचा घास घेता घेता म्हणाले, "नाशिकला थंडी फार असते म्हणे." वनिताचा हात ताटातच थांबला. ती उठली, तशीच उष्ट्या हाताने कंपनीत आली, वॉचमनकडून खोली उघडून घेतली आणि खण ओढला. हजर व्हायला दोन दिवस उरले होते. हॉस्टेल भरलं होतं, पहिले चार महिने ती कुणाच्या तरी ओसरीत राहिली, हे पुढे कळलं.

जाताना ती मला भेटायला आली. सावेभाऊ समोरच उभे होते, तिने माझ्याकडे बघूनच सांगितलं, "मावशी, मी आईला पत्रं लिहीन. ती तुमच्या नावावर येतील, कंपनीच्या पत्त्यावर. तुम्ही घरी जाऊन आईला वाचून दाखवा. अप्पांना नाही." माझ्या क्वार्टरचा पत्ता तिला पाठ होता. तरी तिने कंपनीचाच पत्ता धरला. म्हणजे दर महिन्याला तिच्या अक्षरातलं निळं पत्र आधी बापाच्या हातात पडणार आणि त्याने ते न उघडता खिडकीतून मला द्यायचं. कार्टी हुशार होती. मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

वनिताची बस सुटली. तिसऱ्या दिवशी सावेभाऊ म्हणाले, "बाई, सोडायचंय."

"काय सोडायचंय?"

"डोकावणं. तिचं एकटीचं नाही, सगळ्यांचंच. कोनिंगच्या कदमचं वाचायचं आणि तिचं नाही, असं मला जमणार नाही. मला माझी खोड माहीत आहे."

आणि मग जो तमाशा सुरू झाला, तो मी सहा महिने फुकट पाहिला. पहिला उपाय चष्मा काढून टपाल लावायचा. कोनिंगची पत्रं पॅकिंगला गेली, एका कदमच्या सासूने लिहिलेल्या शिव्या दुसऱ्या कदमने वाचल्या. दुसरा उपाय उजव्या हातात सतत गरम चहाचा ग्लास धरायचा, म्हणजे पत्र दाबायला हात मोकळा नको. तीन पत्रांवर चहा सांडला, आणि बोट भाजलं ते वेगळं. तिसऱ्या उपायाची कंपनीत अजून आठवण काढत असतील. ते गठ्ठा खुर्चीवर ठेवून त्यावर बसायला लागले, थेट दुपारच्या सुट्टीपर्यंत. पोरांना पत्रं कोमट आणि वाकलेली मिळायला लागली. एकाने वैतागून विचारलं, "भाऊ, मनी बायकोना पत्रवर तुम्ही बसतस का?" मी खिडकी लावून हसून घेतलं.

एक दिवस मी त्यांना म्हटलं, "सोडा हो, नाही जमत. लोक दारू पितात, तुम्ही पत्रं पिता." मला वाटलं हसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "तसं नाही बाई. मी नीट बघितलंय. खाज दहा मिनिटांचीच असते. पण पत्र टेबलावर राहिलं की परत दहा, परत दहा. टेबलावर राहता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून पोस्टमन गठ्ठा टाकायचा आणि सावेभाऊ तो उचलून तडक शेडमध्ये सुटायचे. ज्या माणसाला मी कधी खुर्ची सोडताना पाहिलं नव्हतं, तो मशीनच्या भर आवाजात, तीन शेड फिरून, ज्याचं त्याला मशीनवर पत्र द्यायला लागला. पोस्टकार्डं पत्त्याची बाजू वर. बातमी नाही, सल्ला नाही, नुसतं नाव. इकडे गेटवर हजेरी बघायला कोणी नाही. देसाईसाहेबांनी मेमो दिला. तो टाइप मीच केला. सावेभाऊंनी तो माझ्यासमोर घेतला, न वाचता घडी घातली आणि म्हणाले, "माझ्या नावाचा आहे ना? मग सवडीने वाचेन."

अगदी सरळ चाललं असं मात्र नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी खिडकीत तोंड घालून उभे. दारुड्याने सांगावं तसं म्हणाले, "बाई, आज घसरलो. रामदासचं कार्ड. तीन ओळी." मी म्हटलं, तीनच ना, जाऊ द्या. ते ऐकेनात. पॅकिंगमध्ये गेले, रामदासला मशीनपासून बाजूला घेतलं आणि सांगितलं, "मी तुझं पत्र तीन ओळी वाचलं. माफ कर." रामदासने कार्ड उलटसुलट केलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं. "मंग उरेल बी वाची टाका ना भाऊ. माले कोठे वाचता येस."

सावेभाऊ पुरते गोंधळले. संध्याकाळी मला विचारत होते, हे वाचलेलं पापात धरायचं की पुण्यात? शेवटी त्यांनी ठरवलं, मालकाने स्वतः हातात दिलं तर वाचायचं, आणि वाचून झालं की विसरायचं. विसरणं जड जात होतं. रामदासच्या घरात काय चाललंय असं मी मुद्दाम दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा ओठ आवळून पेन्सिलला टोक करत बसले. आमच्यात बोलायला विषयच उरले नाहीत. खरं सांगते, मला ते जुने सावेभाऊ बरे वाटायचे.

वनिताचं पत्र महिन्याच्या सुरुवातीला यायचं. त्या दिवशी ते शेडमध्ये जायच्या आधी माझ्या खिडकीशी यायचे, पत्र आत सरकवायचे आणि हात लगेच मागे घ्यायचे. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जायची. मी दारात दिसले की ते पायात चपला सरकवून समोरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन उभे राहायचे. गिरणीच्या घरघरीत कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. दळण नाही, डबा नाही, नुसते उभे. गिरणीवाला आधी विचारायचा, मग सवयीचा झाला. मी आत वहिनींना वाचून दाखवायची, मेसची आमटी, वॉर्डातली म्हातारी, मैत्रिणीचं लग्न. वहिनी दोनदा वाचायला लावायच्या. मग मी निघायची आणि ते भुवयांवर पीठ घेऊन घरी परतायचे. वहिनींना त्यांनी काय लिहिलंय असं कधी विचारलं नाही. वहिनी मला म्हणाल्या, "विचारतील तर सांगीन मी. पण विचारीत नाहीत."

अशी दोन वर्षं गेली. मला मधे मधे वनिताचा संताप यायचा. किती ती शिक्षा, किती दिवस? एकदा मीच न राहवून खिडकीतून म्हटलं, "पोरगी बरी आहे हो तुमची, पहिली आली..." तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हजेरीची कार्डं खाली पडली.

मग एका महिन्यात पत्र वेळेच्या आधी आलं. अक्षर वनिताचं नव्हतं, पाठवणारी म्हणून तिच्या मैत्रिणीचं नाव. सावेभाऊंनी ते माझ्याकडे सरकवलं, पण या वेळी हात मागे घ्यायला उशीर लागला. मी तिथेच उघडलं. वनिताला कावीळ झाली होती, दवाखान्यात ठेवलं होतं, आईला पाठवा म्हणून लिहिलं होतं. माझा चेहरा त्यांनी पाहिलाच. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "सगळं सांगू नका. जिवाला धोका आहे का? हो की नाही, एवढंच."

"नाही," मी म्हटलं.

"बस." इतकंच म्हणून ते बाकीची पत्रं घेऊन शेडमध्ये गेले. त्या दिवशी त्यांनी एकही पत्र चुकीच्या माणसाला दिलं नाही. मी नंतर प्लायवूडच्या आड बसून रडले.

मी वहिनींना सांगून आले, आणि सावेभाऊंनी त्यांना दुपारच्या गाडीत बसवून दिलं. पिशवीत वहिनींनी घेतलेली साखर, ऊस आणि वर सावेभाऊंचा स्वेटर. तिला काय झालंय, तू कधी येशील, त्यांनी काही विचारलं नाही. वहिनी वीस दिवसांनी परत आल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरीने विचारलं, अप्पा का नाही आले. मी सांगितलं, अगं, त्यांना ठाऊकच नाही तुला काय झालंय. तू सांगू नको म्हणालीस ना? ते गिरणीत जाऊन उभे राहतात. ती हसली आधी. मग भिंतीकडे तोंड करून निजली, ती जेवायलाच उठली नाही." मी वहिनींना म्हटलं, बरं झालं सांगितलंत.

त्यानंतर महिनाभराने, अकरा वाजता, सावेभाऊ खिडकीशी आले. निळं पत्र आत सरकवलं. "तुमचं," म्हणाले आणि वळले. मी पत्ता वाचला. श्री. दामोदर सावे, टाइम ऑफिस.

"अहो, हे तुमचं आहे."

"तसं नाही. चुकून लिहिलं असेल. नेहमीसारखं तुमचंच असणार."

"सावेभाऊ, नाव तुमचं आहे. अक्षर वनिताचं आहे."

ते परत आले, पण हात पुढे करेनात. "नीट बघा बाई. माझंच नाव आहे ना? मी फोडलं तर चालेल ना?" पन्नाशी ओलांडलेला माणूस, अर्ध्या खानदेशाची पत्रं ज्याने फुंकर घालून वाचली, तो स्वतःचं पत्र फोडायला मला विचारत होता. मी मान हलवली आणि टेबलावरची कात्री पुढे केली.

त्यांनी तिन्ही कडा सावकाश कापल्या. शेडची पत्रं तशीच टेबलावर पडून राहिली, पहिल्यांदाच. मग खिडकीकडे तोंड करून ते उभ्याने वाचायला लागले. ओठ हलत होते. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं. आणि मी, देवाशपथ सांगते, कधी खुर्चीवरून उठले आणि कधी प्लायवूडच्या कडेने मान लांब केली, माझं मलाच कळलं नाही. दोन वर्षं त्या पोरीची पत्रं मी वाचली होती, हेच एक राहिलं होतं.

सावेभाऊंनी न वळता पत्र छातीशी धरलं. "बाई," ते म्हणाले, "माझं आहे."

मी जागेवर जाऊन बसले. त्यात काय लिहिलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.